अजिंठ्याला गट घेऊन जाताना: आधी रान, मग चित्रं

अजिंठ्याला पहिल्यांदा गट घेऊन गेले तेव्हा माझ्यासोबत २८ माणसं होती. आम्ही एक नंबरच्या लेण्यापासून सुरुवात केली आणि दिसेल त्या लेण्यात शिरत गेलो. तीन तासांत पंधरा लेणी झाली. दुपारी एकच्या उन्हात समोरच्या टेकडीवर चढायचं ठरलं होतं, तिथवर जायला नऊजणच उरले. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, काय लक्षात राहिलं? बहुतेकांना पायऱ्या आठवत होत्या. एका काकूंनी पद्मपाणीचं, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्राचं, नाव घेतलं, पण तो कुठल्या लेण्यात पाहिला ते त्यांना सांगता येईना.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी दरी पाहायची, नदी ओलांडायची, समोरच्या चढावरून सगळा कडा डोळ्यांत भरून घ्यायचा आणि मग लेण्यांत शिरायचं. लेणीही मोजकीच पाहायची. ज्या रानातून आपण चालत आलो तेच हत्ती, माकडं, हंस आणि कमळं होऊन भिंतीवर भेटतं, आणि ते ओळखीचं वाटतं. पहिल्यांदाच गट नेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. शाळेचा वर्ग असो, चित्रकलेचा वर्ग असो, सोसायटीतली ज्येष्ठ मंडळी असोत, थोड्याफार फरकाने हे सगळ्यांना लागू पडतं.

१. आधी वार पाहा, मग महिना

अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकायची आणि शेवटचा दिवस अजिंठ्याला ठेवायचा, ही चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे. एकदा एका प्रवास कंपनीने आमचाही कार्यक्रम असाच आखला होता. छापील पत्रक हातात पडल्यावर वार लक्षात आला आणि सगळं फिरवावं लागलं. दोन्ही लेणी एका सहलीत करायची असतील तर बुधवार-गुरुवार निवडा. रविवार आणि सणांच्या सुट्ट्या टाळा, कारण त्या दिवशी चित्रांच्या लेण्यांबाहेर रांगा लागतात आणि आत उभं राहायला मिळत नाही.

महिन्यांचं म्हणाल तर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ मला सगळ्यात आवडतो. दरीतल्या वाघोरा नदीला पाणी असतं, डोंगर हिरवे असतात आणि वाट सुकलेली असते. डिसेंबर-जानेवारीत हवा छान, पण शाळांच्या सहलींची गर्दी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होऊन डोंगर उघडे पडतात, पळस फुलतो आणि खडकाचे थर स्वच्छ दिसतात. चित्रकारांना घेऊन जाणार असाल तर हाच काळ गाठा. जुलै-ऑगस्टात धबधबा कोसळताना दिसतो, पण शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही. त्या दिवसांत लेणी खुशाल पाहा, वरचा चढ मात्र सोडून द्या. एप्रिल-मे मध्ये गट नेऊच नका. काळा दगड तापतो आणि लेण्याबाहेर अनवाणी दहा पावलं टाकणंही कठीण होतं.

२. माणसं किती आणि कोणती

बारा ते पंधरा. याहून मोठा गट असेल तर दोन तुकड्या करा आणि दोघींना वेगवेगळ्या लेण्यांपासून सुरुवात करायला लावा. पंधरापेक्षा जास्त माणसं एका चित्रासमोर उभी राहिली की मागच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. शिवाय गर्दीच्या दिवशी पहारेकरी चित्रांच्या लेण्यांत माणसं मोजून सोडतात, त्यामुळे मोठा गट दारातच तुटतो.

पुढे एक आणि अगदी शेवटी एक अशी दोन जबाबदार माणसं हवीतच. शेवटच्या माणसाने कोणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही, एवढा एकच नियम. हे काम गटातल्या उत्साही तरुणाला देऊ नका. तो पुढे पळतो. शांत स्वभावाचं, गप्पा मारत चालणारं माणूस निवडा.

निघण्याआधी प्रत्येकाला फोन करून तीन गोष्टी विचारा: गुडघे कसे आहेत, दम लागतो का, मधमाशी चावल्यावर पूर्वी कधी अंग सुजलंय का. लोक लेखी फॉर्मवर या गोष्टी लपवतात, बोलताना सांगतात. ज्यांना पायऱ्या झेपणार नाहीत त्यांना पायथ्याशी डोलीवाले मिळतात. डोलीत बसायला ज्येष्ठांना संकोच वाटतो, म्हणून हा विषय आधीच, एकट्यात काढावा. चार जणांसमोर विचारलं तर नकारच येतो.

३. सोबत काय हवं

कागदपत्रं:

– प्रत्येकाचं छायाचित्र असलेलं ओळखपत्र. मुलांचं वय दाखवणारा पुरावा, कारण पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर १५ वर्षांखालच्यांना प्रवेशशुल्क नसतं. गटात परदेशी पाहुणे असतील तर त्यांचा दर वेगळा असतो, पासपोर्ट जवळ ठेवायला सांगा.
– तिकिटं ऑनलाइन काढली असतील तर त्यांची छापील प्रत. दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.
– शाळा-कॉलेजचा गट असेल तर संस्थेच्या शिक्क्याचं पत्र आणि पालकांची लेखी संमती.
– सगळ्यांची नावं, घरचा एकेक फोन नंबर, रक्तगट आणि चालू औषधं लिहिलेला कागद. दोन प्रती, एक पुढच्याकडे, एक शेवटच्याकडे.
– तिवई लावून चित्रीकरण करायचं असेल तर पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी. ती दारात मिळत नाही.

सामान कमीत कमी. माणशी दीड-दोन लिटर पाणी, टोपी, सुती ओढणी किंवा मोठा रुमाल (हा का, ते मधमाश्यांच्या भागात), मऊ पेन्सिल, हाताच्या पंजाएवढी वही, जाड मोजे आणि बंद झिपची पाठपिशवी. गटात मिळून एक प्रथमोपचार पेटी आणि एक लहान दुर्बीण. दुर्बीण पक्ष्यांसाठी म्हणून न्या, पण तिचा खरा उपयोग छतावरची चित्रं पाहायला होतो.

बुटांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. चढाला चांगली पकड असलेले बूट हवेत आणि चित्रांच्या लेण्यांत मात्र पादत्राणं बाहेर काढावी लागतात. पंधरा जणांनी प्रत्येक लेण्याबाहेर नाड्या सोडायच्या-बांधायच्या म्हटलं तर तासभर त्यातच जातो. पट्ट्याचे, मागून बंद असलेले सँडल सगळ्यात सोयीचे. आत थंडगार दगडावर मोजे घालून चालता येतं.

४. पोचायचं कसं

रेल्वेने येणाऱ्यांना जळगाव जवळ पडतं, साधारण ६० किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरहून अंतर १०० किलोमीटरच्या आसपास आहे. संभाजीनगरहून सकाळी निघून दिवसभर फिरून रात्री परत, हा बेत कागदावर बसतो, पण माणसं थकून जातात. जमलं तर आदल्या रात्री लेण्यांजवळच्या फर्दापूर गावी मुक्काम करा. सकाळी दरवाजा उघडताना तुम्ही तिथे असलं पाहिजे, सगळं गणित त्यावर आहे.

तुमची गाडी थेट लेण्यांपाशी जात नाही. फर्दापूर फाट्यावर वाहनतळ आहे, तिथून सुमारे चार किलोमीटर आत ठरलेल्या बसने जावं लागतं. इथली हमखास फसगत म्हणजे पाण्याच्या बाटल्या, औषधं किंवा तिकिटांची छापील प्रत गाडीतच राहून जाणं. परत जायचं म्हणजे जाऊन-येऊन पाऊण तास. म्हणून गाडीतून उतरल्यावर यादी मोठ्याने वाचा आणि प्रत्येकाला वस्तू हातात धरून दाखवायला लावा. मोठ्यांना हे बालिश वाटतं. तरी करा.

फाट्यावर दगड विकणारे मागे लागतात. खरेदी करायचीच असेल तर ती परतताना. सकाळचा पहिला तास तिथे घालवू नका.

५. वाटाड्या घ्यायचा का?

घ्या. परवानाधारक गाईडला लेण्यांतला प्रकाश, गर्दीची वेळ, कुठल्या कोपऱ्यात काय आहे हे नेमकं ठाऊक असतं. फक्त दार ओलांडण्याआधी त्याच्याशी स्पष्ट बोलून घ्या. आम्हाला सगळी लेणी नकोत, सात-आठ पुरे. प्रत्येक ठिकाणी आधी पाच मिनिटं शांतता, मग माहिती. बहुतेक गाईड हे आनंदाने मान्य करतात. एकजण मला म्हणाला होता, "मॅडम, लोक घड्याळ बघत असतात म्हणून मी पळवतो. तुम्ही थांबणार असाल तर मी पण थांबतो." त्या दिवशी त्याने सतरा नंबरच्या लेण्यात आम्हाला पाऊण तास खिळवून ठेवलं.

तुम्ही स्वतः सांगणार असाल तर एक गोष्ट पक्की करा. लेण्यांचे क्रमांक हे दरीतल्या जागेप्रमाणे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दिलेले आहेत. काळाशी त्यांचा संबंध नाही. एक नंबरचं लेणं सगळ्यात जुनं नाही. ते पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, वाकाटक राजांच्या काळातलं आहे. सगळ्यात जुनी लेणी मधोमध आहेत, नऊ आणि दहा नंबरच्या आसपास. दहावं तर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापर्यंत मागे जातं. हे नीट सांगितलं नाही तर लोकांच्या डोक्यात इतिहास उलटा बसतो.

६. आधी पुलापलीकडे

तिकीट दाखवून पायऱ्या चढलात की समोरच एक नंबरचं लेणं येतं. इथे गट हमखास आत वळतो. वळू देऊ नका. "परत येताना इथेच शेवट करायचाय" असं सांगून सरळ पुढे चला. थोडी कुरकुर होते. ती सहन करा.

आठव्या लेण्याच्या खालच्या अंगाला नदीवर पूल आहे. तो ओलांडून थोडं चढलं की पहिली दर्शनी जागा लागते. इथवर बहुतेक सगळे येऊ शकतात. इथून आणखी वर, साधारण ४० मिनिटांच्या चढावर, दुसरी जागा आहे. तिथवर हिवाळ्यात, सकाळीच आणि ज्यांना दम आहे त्यांनीच जावं. गटाचे दोन भाग होणार असतील तर खाली थांबणाऱ्यांसोबतही एक जबाबदार माणूस ठेवा आणि भेटायची वेळ घड्याळ लावून ठरवा. वाट कधी कधी बंद असते, म्हणून आत शिरतानाच पहारेकऱ्याला विचारून घ्या.

पहिल्या जागी पोचलात की बसा. काही बोलायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प राहायचं. समोर घोड्याच्या नालासारखी वळलेली दरी, सुमारे ७५ मीटर उंचीचा कडा आणि त्याच्या मधल्या पट्ट्यात एका ओळीत लेण्यांची काळी दारं. डावी-उजवीकडे पाहिलं की लाव्ह्याचे आडवे थर स्पष्ट दिसतात. दख्खनचा हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून आलेला आहे. एकावर एक लाव्हा पसरत गेला, निवत गेला, आणि मग पाण्याने तो कापला. वाघोरा तेच काम आजही करते आहे. दरीच्या टोकाला ती टप्प्याटप्प्याने उतरते, त्याला सातकुंड म्हणतात.

आता जी गोष्ट सांगायची ती इथूनच नीट कळते. आज आपण ज्या वाटेने एका लेण्यातून दुसऱ्यात जातो ती अलीकडची सोय आहे. पूर्वी बहुतेक लेण्यांना नदीवरून वर येणारा आपापला जिना होता. म्हणजे त्या काळचा माणूस पाण्याकडून वर चढत लेण्यात येई. भिक्षू पावसाळ्यात एका जागी राहत, त्याला वर्षावास म्हणतात. समोर कोसळणारं पाणी आणि हिरवा कडा, हेच त्यांचं अंगण होतं. पुलावरून वर चढताना आपण त्या जुन्या वाटेच्या जवळ असतो. सोळाव्या लेण्याच्या खालच्या दाराशी कोरलेले दगडी हत्ती पाहिले की हे लगेच पटतं. नदीकडून येणाऱ्याचं स्वागत करायलाच ते उभे आहेत.

वहीत प्रत्येकाला तीन गोष्टी टिपायला सांगा: एक झाड, एक प्राणी किंवा पक्षी, एक रंग. झाडाचं नाव येत नसेल तर पानाचा आकार काढा. साग, पळस, सालई इथे सहज दिसतात. वानरं तर दिसणारच. रंगासाठी पायाखालची माती पाहा. लाल, पिवळी, काळपट. भिंतीवरचे बहुतेक रंग असेच मातीतून आणि दगडातून आलेले आहेत: तांबडा आणि पिवळा गेरू, हिरवा हिरव्या दगडाचा, काळा काजळीचा. लांबून आला तो निळा. तो लाजवर्द दगडाचा, आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानाच्या बाजूने येई. हे इथे, माती बोटांवर घासून दाखवताना सांगितलं की आत गेल्यावर मुलं स्वतःच निळा शोधू लागतात. माती बोटावर घ्या, पिशवीत घेऊ नका. दगडाचे तुकडे, स्फटिक काहीही उचलायचं नाही.

१८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ही लेणी पडली ती याच बाजूने. "लेण्यांचा शोध लागला" असं मात्र गटाला सांगू नका. आसपासच्या गावकऱ्यांना ती ठाऊकच होती.

७. मधमाश्या आणि वानरं

कड्यावर आग्या मोहोळं असतात. पोळी दिसली तर दाखवा, पण हळू आवाजात आणि लांबून. या दिवशी अत्तर, सेंट, वासाचं तेल लावायचं नाही हे आदल्या दिवशीच सांगा. सिगारेट नाही, धूर नाही, पोळ्यावर दगड नाही, आरडाओरडा नाही. शाळेचा गट असेल तर शिट्ट्या काढून घ्या.

माश्या उठल्याच तर हात हलवून त्यांना मारत बसू नये. ओढणीने डोकं आणि चेहरा झाकून लगेच लांब जायचं. उतारावर धावताना पडून होणारी इजा डंखापेक्षा मोठी असते, म्हणून मुलांचा हात धरा. काटे नखाने किंवा कार्डाने खरवडून चटकन काढा. ओठ-जीभ सुजली, घरघर सुरू झाली, चक्कर आली तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा आणि माणसाला खाली न्यायला लागा.

वानरांचं सोपं आहे. प्लास्टिकची पिशवी खुळखुळली की ती येतात. खाऊ पिशवीत बंद, वाटेत काही खायचं नाही, जेवण पायथ्याशी. कोणी केळं पुढे केलं तर थांबवा.

८. लेण्यांचा क्रम

पुलावरून परत वर आलात की तुम्ही बरोबर मधोमध, सगळ्यात जुन्या लेण्यांपाशी असता. म्हणून माझा क्रम असा: नऊ, दहा, सोळा, सतरा, एकोणीस, सव्वीस, आणि परत येताना दोन आणि एक. वेळ कमी असेल तर नऊ आणि एकोणीस सोडा. सतरा सोडू नका.

दहावं हे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा. मागे स्तूप आणि दोन्ही बाजूंना खांबांची रांग. विहार म्हणजे भिक्षूंचं राहायचं ठिकाण, चौकोनी दालन आणि भोवती खोल्या. हा एवढा फरक इथेच दाखवा, पुढे तो पुन्हा सांगावा लागत नाही. याच लेण्यातल्या एका खांबावर स्मिथने आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली आहे. ती आज आपल्या डोक्याच्या वर दिसते, कारण तेव्हा लेण्यात मातीचा ढीग साचला होता आणि तो त्यावर उभा होता. मुलांना हे दाखवलं की ती पहिल्यांदा पायाखाली पाहतात, मग वर पाहतात आणि मधलं अंतर हाताने मोजतात. भिंतीवर नाव कोरणं का वाईट, हे वेगळं सांगावं लागत नाही.

सोळावं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवलं, तसा तिथे कोरीव लेख आहे. सतराव्यात वहीतली यादी उघडायला सांगा. षड्दंत हत्तीची कथा, आपल्या कळपाला वाचवण्यासाठी स्वतःच पूल होणारा महाकपी, हंसांची कथा, सगळं इथे आहे. सकाळी ज्याने "वानर" लिहिलं तो महाकपीसमोर किती वेळ उभा राहतो ते पाहा. एका निवृत्त वनरक्षक काकांनी इथल्या चित्रातल्या हत्तींचे कान, पाठीचा उतार आणि पाण्यात सोंड टाकायची ढब पाहून सांगितलं होतं, "हा माणूस हत्तींजवळ राहिलेला आहे." मला कुठल्याही माहितीफलकापेक्षा ते वाक्य जास्त उपयोगी पडलं.

सव्वीसाव्यात शिरल्यावर डाव्या भिंतीशी महापरिनिर्वाणाचं, म्हणजे बुद्धाच्या देहत्यागाचं, शिल्प आहे, सुमारे सात मीटर लांब. एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत सावकाश चालत जायला सांगा. खाली बसलेल्या शोकाकुल शिष्यांचे चेहरे एकेक करून पाहायचे. इथे वर छत उंच आहे, हवा गार आहे. ज्येष्ठांना दहा मिनिटं बसू द्या.

वाटेत चोविसावं लेणं लागतं. ते अर्धवट राहिलेलं आहे आणि बहुतेक गट त्यासमोरून निघून जातात. तुम्ही दोन मिनिटं थांबा. डोंगर वरून खाली आणि पुढून मागे कसा कोरत नेला, छिन्नीचे घाव कसे पडले, ते पूर्ण झालेल्या लेण्यात दिसत नाही, इथे दिसतं.

शेवटी एक नंबर. सकाळी इथे सगळ्यांची झुंबड असते, दुपारनंतर ती ओसरते. पद्मपाणी मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याच्या दाराच्या डावीकडे आहे. त्याच्या हातातलं निळं कमळ आधी शोधू द्या, मग चेहऱ्याकडे वळा. एका खांबाच्या माथ्यावर चार हरणांना मिळून एकच डोकं कोरलेलं आहे. ते कुठे आहे हे सांगू नका, मुलांना शोधू द्या.

९. अंधारात पाहायचं कसं

बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की काहीच दिसत नाही. लोक "फिकट झालंय सगळं" म्हणतात आणि बाहेर पडतात. डोळ्यांना वेळ दिलेला नसतो. व्हरांड्यात सावलीत उभं राहून दोन मिनिटं डोळे मिटा, मग आत या, आणि आतही पाच-सात मिनिटं काही शोधू नका. मोबाइलचा पडदा उजळला की मिळवलेला अंधार गेला, म्हणून फोन खिशात.

मग एक एक उमटायला लागतं. आधी पांढरं दिसतं, मोत्यांची माळ किंवा डोळ्याचा कोपरा. मग त्वचेचा तपकिरी, मग तिच्यामागचा झाडाचा हिरवा. हे घडताना गटात आपोआप शांतता पसरते. त्या वेळी तुम्ही काही बोलू नका.

टॉर्च वापरायची असेल तर पहारेकऱ्याला विचारूनच. फ्लॅश पूर्ण बंद. फोनमध्ये तो स्वयंचलित असतो, प्रत्येकाच्या फोनवर बंद झाल्याची खात्री बाहेरच करा. भिंतीला, खांबाला हात लावायचा नाही, टेकायचं नाही. ही चित्रं ओल्या चुन्यावरची नाहीत. खडकावर माती, भाताचं तूस, वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर, आणि तो सुकल्यावर रंग. हातातला घाम आणि पाठपिशवीचा एक धक्का त्यांना पुरतो. पिशवी आत जाताना पोटाशी घ्या.

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना एक इतिहास जरूर सांगा. रॉबर्ट गिल १८४४ साली इथे चित्रांच्या नकला करायला आला आणि वर्षानुवर्षं राबला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून हेच काम करत राहिले, आणि त्यांच्याही अनेक नकला १८८५ च्या आगीत गेल्या. गिल म्हटलं की गटातलं कोणीतरी त्याची इथली सोबतीण पारो हिची गोष्ट विचारतंच. ती बसमध्ये सांगा. लेण्यात ती सुरू झाली की भिंतीकडे कोणी पाहत नाही.

फोटोंऐवजी मी प्रत्येकाला एका लेण्यात एक रेखाटन करायला लावते. चित्र येत नाही म्हणणाऱ्यांनाही. फक्त एक हात, किंवा एक पान, किंवा एका हंसाची मान. पाच मिनिटं. शाई आणि रंग आत न्यायचे नाहीत, पेन्सिलच.

१०. परतताना

लेणी बंद व्हायच्या निदान तासभर आधी एक नंबरचं लेणं सोडा. उतरताना गुडघे बोलू लागतात, म्हणून शेवटच्या पायऱ्या घाईत उतरवू नका. पायथ्याशी डोकी मोजा, बसमध्ये चढल्यावर पुन्हा मोजा, फाट्यावर उतरल्यावर पुन्हा. तिसऱ्या मोजणीत माणूस कमी भरतो तो बहुधा दुकानात असतो. दगड घ्यायचे असतील त्यांना आता वीस मिनिटं द्या.

गाडी सुटली की वह्या फिरवा. प्रत्येकाने आपली वही शेजारच्याला द्यायची आणि सकाळी टिपलेलं झाड, प्राणी, रंग यांतलं काय कुठल्या लेण्यात सापडलं ते शेजाऱ्याने वाचून दाखवायचं. गेल्या खेपेला सातवीतल्या एका मुलीने "रंग" पुढे "निळा, आभाळाचा" असं लिहिलं होतं. तिच्या शेजारी बसलेल्या आजींनी ते वाचलं आणि त्याच ओळीत पुढे स्वतःच्या अक्षरात भर घातली: एक नंबर, कमळ.